वाचकांचे प्रश्न : कपाटात राहणाऱ्या कथा

मागील एका अंकात कथा कोठे व कशी पाठवावी या प्रश्नाचे उत्तर देताना मी जाता जाता लिहिले होते की, लिहिलेली प्रत्येक कथा पाठवलीच पाहिजे असे काही नाही. शब्दमर्यादा, पाकिटे आणि टपालाची तिकिटे यांच्याविषयीच्या त्या सविस्तर उत्तराबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. या एका वाक्यावर मात्र इतकी पत्रे आली की, या वेळचे सदर त्यांनाच द्यावे लागत आहे. पत्रलेखकांची नावे अर्थातच वगळली आहेत. ज्यांना आपल्या कथा छापायच्या नाहीत त्यांची नावे तरी कशाला छापायची?

प्रश्न : मी मराठीची निवृत्त शिक्षिका आहे. गेली अकरा वर्षे दुपारची आवराआवर झाली की मी तासभर कथा लिहिते. त्या मी कोठेही पाठवल्या नाहीत आणि पाठवण्याची इच्छाही नाही. २०२१ च्या जुलैत पुराचे पाणी घरात शिरले, तेव्हा खालच्या कपाटातल्या पहिल्या चार वह्या चिखलात गेल्या. ऑगस्टअखेर बाजार सुरू झाला तशी नवी वही आणली. घरी कोणी आले की वह्यांचा विषय निघतो आणि 'मग छापत का नाही?' हे ठरलेलेच असते. आता माझी मलाच शंका येते. नकाराची भीती वाटते म्हणून तर मी 'स्वतःसाठी लिहिते' असे म्हणत नसेन ना? (चिपळूण)

उत्तर : ताई, आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच पत्रात, पुराच्या ओळीत आहे. चार वह्यांचा लगदा झाल्यावर, घरातला गाळ उपसून अजून महिनाही झाला नसताना, माणूस नवी वही आणतो तो कशासाठी? ज्याला लेखक म्हणून नाव हवे असते आणि ते मागायला जो भितो, त्याला असे नुकसान झाले की मनातून सुटल्यासारखे वाटते, कारण पाठवण्याचा प्रश्नच निकालात निघतो आणि 'माझे सगळे पुरात गेले' ही जन्मभर पुरणारी सबब हाती येते. ती आपण वापरली नाही.

नकाराची भीती कशी असते हे मला स्वानुभवाने ठाऊक आहे. विशीत मी सहा कथा निरनिराळ्या अंकांना पाठवल्या होत्या, आणि पुरेशी तिकिटे लावलेली माझीच पाकिटे 'साभार परत'च्या चिठ्ठीसह एकामागून एक घरी आली. त्यानंतर सुमारे तीन वर्षे मीही सर्वांना सांगत असे की मी आता स्वतःपुरते लिहिते. ते खोटे होते. त्या काळात मी लिहिताना शब्द मोजत असे, प्रत्येक कथेला आधी शीर्षक शोधत असे आणि दुसऱ्यांच्या छापून आलेल्या कथा हातात पेन्सिल घेऊन, चुका काढण्यासाठी वाचत असे. पुढे वडील रुग्णालयात असताना रात्रीच्या जागरणात, औषधांच्या बिलांच्या पाठीमागे, मी एका विहीर खणणाऱ्या माणसाची गोष्ट लिहिली. तिला आजतागायत नाव नाही. नाव दुसऱ्याला हाक मारता यावी म्हणून लागते. मला ती गोष्ट 'विहिरीची' म्हणून पुरते. आपल्या वह्या उघडून पाहा. किती कथांना शीर्षके आहेत, आणि ती आधी सुचली की नंतर चिकटवली, हे पाहिलेत तर माझ्यापेक्षा आपणच अधिक खात्रीने उत्तर द्याल.

राहिला प्रश्न 'छापत का नाही?' असे विचारणाऱ्यांचा. त्यांचा फार दोष नाही. १९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून आपल्याकडे फराळाच्या ताटाबरोबर कथा वाचायची सवय पिढ्यान्‌पिढ्या रुजली. तिचा मोठा लाभ आपल्या साहित्याला झाला, मात्र एक आडपरिणामही झाला. कथा म्हणजे अंकात असते ती, आणि लेखक म्हणजे अनुक्रमणिकेत असतो तो, असे आपल्या मनाने घेतले. कोणी संध्याकाळी भजनाला जाऊ लागले तर त्याला ध्वनिमुद्रिका कधी निघणार असे कोणी विचारत नाही; कोणी लिहू लागले की पुस्तक कधी, हे विचारल्याशिवाय राहवत नाही.

खरे तर छापण्याशी काडीचाही संबंध नसलेल्या रचनेची आपल्याकडची परंपरा दिवाळी अंकांपेक्षा कितीतरी जुनी आहे. जात्यावर बसले की ओवी सुचते, असे आपण सहज म्हणतो. हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी १९८० च्या दशकापासून खेडोपाडी फिरून बायकांकडून अशा ओव्या गोळा करायला सुरुवात केली, तेव्हा त्यांचा आकडा एक लाखाच्या पुढे गेला. पहाटेच्या अंधारात, घर झोपलेले असताना, दळणाच्या लयीवर भावाची, सासरची, पंढरीच्या वाटेची गोष्ट जुळवणाऱ्या त्या बाईसमोर फार तर जात्याच्या खुंट्याला हात लावणारी दुसरी एक बाई असे. पीठ झाले की ओवी संपली. तिने ती कोणाकडे 'पाठवली' नाही, म्हणून ती अपुरी राहिली असे आपण म्हणणार आहोत का?

येथे एक सावधगिरीची सूचना. आपल्याला धीर देण्यासाठी कोणीतरी बहिणाबाईंचे उदाहरण देईल. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या, मुलाने टिपून ठेवलेल्या त्यांच्या रचना आचार्य अत्र्यांनी पाहिल्या आणि १९५२ मध्ये त्या पुस्तकरूपाने आल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. कोणी अधिक वाचलेला असेल तर शिकागोच्या हेन्री डार्जरविषयी सांगेल. रुग्णालयांत झाडलोट करणाऱ्या या माणसाच्या खोलीत, १९७३ मध्ये तो वारला त्या सुमारास, पंधरा हजारांहून अधिक पानांची एकच अवाढव्य कथा सापडली. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्यामागचा अर्थ असा निघतो की, आज नाही तर मेल्यावर तरी छापतील. म्हणजे पुन्हा फिरून तोच प्रश्न, फक्त तारीख पुढची! मला बहिणाबाईंच्या बाबतीत १९५२ पेक्षा त्याआधीची वर्षे महत्त्वाची वाटतात. शेतात आणि चुलीपुढे त्या रचत होत्या तेव्हा कोणतेही पुस्तक होणार नव्हते, आणि त्या पुस्तकाची वाटही कोणी पाहत नव्हते.

प्रश्न : मी संगणक कंपनीत काम करतो, वय एकोणतीस. माझ्या फोनमध्ये चौदा कथांच्या सुरुवाती आहेत आणि एकही कथा पूर्ण नाही. छापायची नाही, कोणी वाचणार नाही, कोणी तारीख दिलेली नाही. मग पूर्ण करायची तरी कशासाठी, असे वाटून मी पुढचीकडे वळतो. हा आळस आहे हे मला कळते. एका कथेचे पहिले पान सोबत पाठवत आहे. (पुणे)

उत्तर : आळशी माणूस चौदा वेळा सुरुवात करत नाही. आपले पान मी तीनदा वाचले आणि अडचण मला त्या पानातच दिसली, म्हणून आपल्या परवानगीने त्यातील पाच वाक्ये येथे देते.

'भोरची शेवटची गाडी डेपोत लागली. वाहकाने मागच्या आसनावर राहिलेला डबा उचलला आणि कानाशी धरून हलवून पाहिला. आत काही वाजले नाही, म्हणजे डबा भरलेला होता. त्याच्या मनात विचारांचे काहूर माजले. नियतीच्या मनात काय आहे, हे त्याला कोठे ठाऊक होते!'

पहिली तीन वाक्ये ज्याने लिहिली त्याला त्या डब्यात काय आहे हे स्वतःला जाणून घ्यायचे आहे. रिकामा डबा हलवला तर आतली वाटी खडखडते आणि भरलेला डबा गप्प असतो, हे त्याने कधीतरी पाहिले आहे आणि ते आठवून त्याला मजा वाटली आहे. पुढची दोन वाक्ये मात्र दुसऱ्याच कोणी लिहिल्यासारखी आहेत. विचारांचे काहूर आणि नियतीचे मन या गोष्टी कथांमध्ये असतात असे आपण शाळेपासून वाचत आलो, म्हणून त्या आल्या. आपण कथा कोणालाही दाखवणार नाही असे म्हणता, तर मग ही दोन वाक्ये कोणाला दाखवण्यासाठी लिहिलीत? आपल्या खांद्यामागे एक काल्पनिक परीक्षक उभा आहे आणि त्याला कथेत 'वजन' हवे आहे. आणि गंमत पाहा, नियतीच्या वाक्यानंतर बरोबर चार ओळींनी कथा थांबली आहे. इतर तेरा सुरुवातीही तपासून पाहा. मला शंका आहे की, प्रत्येक वेळी असेच एखादे उसने वाक्य आले आणि त्यानंतर थोड्याच वेळात आपल्याला कंटाळा आला.

स्वतःसाठी लिहिणाऱ्याला एक मोठी मुभा असते आणि ती आपण वापरत नाही. जे लिहायला कंटाळा येतो ते त्याने लिहायचेच नसते. वाहकाचे घर, त्याची बायको, त्याचे बालपण यांचे वर्णन करावेसे वाटत नसेल तर 'मग तो घरी गेला' एवढे लिहून पुढच्या आवडत्या प्रसंगावर जावे. शेवट सुचला असेल तर तो आज लिहावा आणि मधला भाग पुढच्या आषाढात. पात्राचे नाव तिसऱ्या पानावर बदलले तरी तक्रार करणारा कोणी नाही.

एक गोष्ट मात्र टाळू नका, ती म्हणजे डबा उघडणे. तो बंद आहे तोवर त्यात शेवग्याची आमटी असू शकते, चिठ्ठी असू शकते, कोणाची दातांची कवळीही असू शकते, आणि या सगळ्या शक्यता हाताशी असणे फार सुखाचे असते. उघडला की आत एकच भाजी निघणार, बाकीच्या साऱ्या गेल्या. हे नुकसान सोसवत नाही म्हणून पुष्कळ जण पंधरावी कथा सुरू करतात, कारण नव्या कथेचा डबा पुन्हा बंदच असतो. कथा पूर्ण करणे हे कोणाचे देणे नाही, त्यामुळे चौदांपैकी नऊदहा खुशाल सोडून द्या. मात्र एखादी तरी अशी निवडा की जिच्यातला डबा उघडून, आत जे निघेल ते त्या वाहकाला खायला लावायचे. लिहिण्यातला जो आनंद आपल्याला अजून मिळालेला नाही, तो त्या घासानंतरचा आहे. आपण कथेचा गुंता सोडवण्यासाठी बसतो आणि पात्र ऐकत नाही, तिथली ती झटापट आहे.

नियतीचे वाक्य मात्र आजच खोडा. ते खोडल्याचे कोणाला कळणार नाही, हा या प्रकारच्या लेखनाचा आणखी एक फायदा.

प्रश्न : मी मुले शाळेत गेल्यावर गमतीखातर गोष्टी लिहीत असे. गेल्या वर्षी यजमानांनी कौतुकाने त्यांतली एक व्हॉट्सॲपवरच्या कुटुंबाच्या गटावर टाकली. सर्वांनी अंगठे दिले, फुले दिली, मामंजींनी 'आणखी लिही' म्हणून फोन केला; फक्त एका आत्याबाईंना वाटले की कथेतली हट्टी म्हातारी म्हणजे त्याच आहेत. तेव्हापासून वही उघडली की सगळे गटासारखे भोवती येऊन बसतात आणि ओळ पुढे सरकत नाही. स्तुती झाली असताना असे का व्हावे? (वडोदरा)

उत्तर : यावर एक जुना आणि प्रसिद्ध प्रयोग आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये तो प्रसिद्ध केला. बालवाडीतली जी मुले आपणहून रंगीत पेनांनी चित्रे काढत होती त्यांतल्या काहींना सांगितले की, चित्र काढलेत तर सोनेरी चिकटी आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना कबूल न करता, चित्र झाल्यावर अचानक ते दिले, आणि काहींना काहीच दिले नाही. पुढे एकदोन आठवड्यांनी, बक्षिसाचा विषय संपल्यावर, मुलांना मोकळे सोडले. कबूल करून प्रशस्तिपत्र दिलेल्या मुलांचा चित्रांत जाणारा वेळ इतरांच्या मानाने निम्म्यावर आला होता. ज्यांना ते अचानक मिळाले त्यांच्या गोडीत मात्र काही फरक पडला नव्हता.

या शेवटच्या वाक्याकडे आपण लक्ष द्यावे अशी माझी इच्छा आहे, कारण आपल्या यजमानांची बाजू त्यात सावरली जाते. गटावरचे पहिले कौतुक अचानक आलेले होते. त्याने बिघडले नाही. बिघडले ते मामंजींच्या 'आणखी लिही'ने, कारण त्या क्षणापासून पुढच्या कथेचे प्रशस्तिपत्र आधीच कबूल झाले. मोठी माणसेही या बाबतीत बालवाडीतल्या मुलांहून फार निराळी नसतात. तेरेसा अमाबिले या संशोधिकेने १९८५ मध्ये बहात्तर लिहित्या माणसांवर असाच एक प्रयोग केला. पैसा, प्रसिद्धी अशी लिहिण्याची बाहेरची कारणे ज्यांना थोडा वेळ केवळ मनात घोळवायला लावली होती, त्यांनी त्यानंतर लगेच लिहिलेल्या कविता परीक्षकांना इतरांच्या कवितांपेक्षा फिक्या वाटल्या. बक्षीस कोणालाच द्यायचे नव्हते. नुसता विचार पुरला.

उपाय म्हणून लेखन लपवून ठेवा असे मी सांगणार नाही. दाखवणे आणि प्रसिद्ध करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यामध्ये घरातल्या व्यवहाराला पुष्कळ जागा आहे. यजमानांना किंवा मैत्रिणीला कथा वाचून दाखवा, कागद हातात देऊ नका. वाचताना आपलाच आवाज कोठे अडखळतो हे आपल्याला कळते, आणि ऐकणाऱ्याला ती पुढे कोठे धाडता येत नाही. वाचून झाल्यावर 'कशी वाटली?' हे विचारूच नये, कारण त्याला 'छान' याखेरीज दुसरे उत्तर आजवर कोणी दिलेले नाही. 'कोठे लक्ष उडाले?' असे विचारावे. नवरा थोडा विचार करून 'ती बाजारात गेली तिथे' म्हणाला, की समजावे, आपल्याला एक वाचक मिळाला.

आत्याबाईंबद्दल काय सांगणार? आपण त्यांच्यावर लिहिले नसेल तर तसे एकदा सांगून विषय सोडून द्यावा. लिहिले असेल तर त्यांनी स्वतःला बरोबर ओळखले याचा अर्थ म्हातारी चांगली उतरली आहे. पण हे त्यांना सांगू नये.

प्रश्न : वय चौऱ्याहत्तर. माझ्याकडे कथांच्या सतरा वह्या आहेत. काही कथांत ओळखीची माणसे नावे बदलून आली आहेत. माझ्या पश्चात त्या छापल्या जाऊ नयेत असे मला वाटते, पण नष्ट करण्याचे धैर्य होत नाही. एका जिवलग मित्राला 'मी गेल्यावर जाळून टाक' असे सांगून ठेवले आहे. एवढे पुरेल काय? (सोलापूर)

उत्तर : पुरणार नाही, आणि याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला जगाला माहीत आहे. १९२४ मध्ये वारलेल्या फ्रान्झ काफ्का यांनी आपले अप्रकाशित लेखन न वाचता जाळावे असे मॅक्स ब्रोड या मित्राला लिहून ठेवले होते. ब्रोड यांनी जाळले तर नाहीच, उलट दुसऱ्याच वर्षापासून एकेक कादंबरी छापून काढली. वाचकांचे भाग्य उजळले, मृताची इच्छा राहिली. ज्याला आपले लेखन आवडते अशा मित्राला ते जाळायला सांगणे म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणे होय. मनापासून नको असलेल्या वह्या आपण स्वतः, हाताने आणि डोळ्यांदेखत नाहीशा कराव्यात. रद्दीत तर मुळीच देऊ नयेत, कारण नावे बदललेला शेजारी भेळेच्या पुड्यावर स्वतःला वाचणार नाही याची शाश्वती नाही.

सतराच्या सतरा वह्या मात्र एका माळेचे मणी नसणार. ज्या ठेवायच्या आहेत त्यांच्याबाबत कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगते. भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ अन्वये कथा लिहिली त्या क्षणी तिचा हक्क लिहिणाऱ्याचा होतो. त्यासाठी ती छापावी लागत नाही की नोंदवावी लागत नाही. या अधिनियमाचे कलम २० फारसे कोणाला ठाऊक नसते, पण आपल्यासारख्यांसाठी तेच महत्त्वाचे आहे. आपण मृत्युपत्राने एखाद्याला अप्रकाशित लेखनाचे हस्तलिखित दिले आणि त्याविरुद्ध काही लिहून ठेवले नाही, तर त्या लेखनाचा कॉपीराइटही त्याच्याकडे गेला असे मानले जाते. म्हणजे 'वह्या नातीला' असे प्रेमाने लिहिलेत तर त्या छापण्याचा अधिकारही नातीला मिळतो. तसा आपला हेतू नसेल तर तो स्पष्ट शब्दांत लिहावा लागेल. साध्या कागदावर लिहिलेले, आपली आणि दोन साक्षीदारांची सही असलेले मृत्युपत्र चालते. त्याची नोंदणी सक्तीची नाही, मात्र नंतरचे वाद टाळण्यासाठी ती केलेली बरी. मजकूर वकिलाला एकदा दाखवून घ्यावा.

आणि एक व्यक्तिगत विचारणा, उत्तर देण्याचे बंधन नाही. त्या सतरापैकी एखादी वही अशी नाही का, जी नातीने वाचलेली आपल्याला आपल्या हयातीत पाहायला आवडेल?

प्रश्न : मी वीस वर्षांपूर्वी संगणकावर टंकलेल्या कथा आता उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. त्या गेल्या असे समजायचे का? (नाशिक)

उत्तर : गेलेल्या नाहीत. त्या काळी आपण श्री-लिपीसारखा एखादा फाँट वापरत असाल आणि तो आताच्या संगणकात नसेल, तर मजकूर असाच दिसतो. ज्या छपाईच्या दुकानात अजून जुन्या फाँटमध्ये पत्रिका जुळवतात तेथे फाइल नेली तर बहुधा लगेच उघडते. शिवाय असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने इंटरनेटवर फुकट मिळतात. बदल करताना जोडाक्षरे आणि रफार जागचे हलतात, तेव्हा एकदा बसून सगळे वाचून काढावे लागेल. वीस वर्षांपूर्वीचे आपले लेखन सक्तीने शब्दन्‌शब्द वाचायला लागणे ही शिक्षा वाटली तर कथा संपेपर्यंत थांबा. मला तरी तो अनुभव फार करमणुकीचा वाटला होता.

प्रश्न : माझी दहा वर्षांची मुलगी सतत गोष्टी लिहिते आणि कोणाला दाखवत नाही. अलीकडे बरेच पालक मुलांची पुस्तके काढतात. ओळखीच्या एका मुद्रकाने शंभर प्रतींचा दरही सांगितला आहे. तिच्या वाढदिवसाला पुस्तक काढून तिला आश्चर्याचा धक्का द्यावा, असे मनात आहे. (डोंबिवली)

उत्तर : धक्का बसेल, पण आपल्याला हवा तो नव्हे. ती दाखवत नसलेल्या गोष्टी तिला न विचारता शंभर घरांत पोहोचवणे म्हणजे मोठ्या माणसाची डायरी सोसायटीच्या फलकावर लावण्यासारखे आहे. ते पैसे मुद्रकाकडे जाण्यापासून आपण नक्की वाचवू शकता.

दहा वर्षांच्या मुलीच्या लेखनाला वाचक नसतो असे आपल्याला वाटते, पण तो असतो. फक्त तो आपण नसतो. १८२६ च्या जूनमध्ये इंग्लंडमधल्या हॉवर्थ गावच्या धर्मोपदेशकाने आपल्या मुलाला, ब्रानवेल ब्राँटेला, लाकडी सैनिकांची पेटी आणून दिली. त्याच्या बहिणींपैकी शार्लट तेव्हा दहा वर्षांची होती, एमिली आठची व्हायची होती आणि ॲन सहा वर्षांची होती. चौघांनी एकेक सैनिक आपला म्हणून निवडला, त्यांना नावे दिली, त्यांची राज्ये वसवली आणि पुढच्या काही वर्षांत त्या राज्यांची मासिके व पुस्तके लिहिली. ही पुस्तके काडेपेटीएवढी, सैनिकांच्या हातात शोभतील अशी होती. अक्षर इतके बारीक आणि छापल्यासारखे की मोठ्यांना भिंगाशिवाय वाचता येऊ नये. जुन्या कागदांचे तुकडे कापून, घरातल्या पिशव्यांच्या कागदाचे वेष्टन घालून, त्यांनी ती दोऱ्याने शिवली होती. पुढे या बहिणी नामवंत कादंबरीकार झाल्या हे आपण जाणताच, पण ते येथे गैरलागू आहे. त्या पुस्तकांचा वाचक सैनिक होता आणि घरातल्या मोठ्यांना त्यात प्रवेश नव्हता, एवढेच मला सांगायचे आहे.

आपल्या मुलीचा सैनिक कोण आहे, हे तिला विचारू नका. वाढदिवसाला चांगल्या कागदाचे दस्ते, जाड सुई, पांढऱ्या दोऱ्याचे रीळ आणि कुलूप लागेल असा एक खण द्या. किल्ली एकच करून घ्या आणि ती तिच्याच हातात ठेवा.